व्याह्यानं काढलेलं रात्रीचं तिकीट

व्रेतोस पाववाला कोणावरही विश्वास ठेवत नसे, आणि या बाबतीत त्यानं आयुष्यात कधी दुजाभाव केला नाही. गिरणीतून आलेलं पोतं तो पुन्हा तोलून घ्यायचा, रेडिओनं वारा सांगितला की गच्चीवर जाऊन बोट ओलं करून बघायचा, आणि पाद्रीबाबांनी 'शुभ सकाळ' म्हटलं तरी आधी खिडकीबाहेर डोकावायचा. किथिरा बेटावरच्या पोतामोस गावात याचं कोणाला वाईट वाटत नसे. पाव चांगला होता. जगात एकाच माणसाचा शब्द त्यानं न पडताळता मानला, तो म्हणजे त्याची बायको दियामांतो. आणि तोही म्हणे लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर. ती जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

पाववाल्याचा दिवस गावाच्या दिवसाला कधी भेटत नाही. गाव दुपारी जेवून तासभर आडवं व्हायचं आणि पाचला उठून कॉफी मागायचं. व्रेतोस तीनला खिडक्यांची दारं लावून झोपायचा तो रात्री दहाला उठायचा. मग पीठ, मळणं, फुगणं. पहाटे पाचला पहिली खेप भट्टीत गेली की तिथंच उबेला पाठ टेकून उभ्या उभ्या दहा मिनिटं डोळे मिटायचा. पावाचा वास बदलला की आपोआप जाग. चाळीस वर्षं त्याचा हाच क्रम होता.

अर्धं किथिरा बेट ऑस्ट्रेलियात जाऊन राहिल्यामुळे अर्गिरिसच्या कॉफीच्या दुकानात दोन घड्याळं होती. एक आपलं, एक सिडनीचं. अर्गिरिसनं स्वतः तिकडे तीस वर्षं मिल्कशेक विकले होते. त्या दुकानात राजकारणावर भांडण होत नसे, फुटबॉलवर क्वचित. खरं भांडण एकाच गोष्टीवर व्हायचं: सिडनीला जाताना दिवसाचं विमान बरं की रात्रीचं. संध्याकाळी अथेन्सहून निघणारं ते रात्रीचं, ते दुसऱ्या रात्री दहाला सिडनीत उतरतं. मध्यरात्री निघणारं ते दिवसाचं. त्याचा लांबचा टप्पा दिवसाउजेडी कापला जातो आणि ते तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला टेकतं. यावरून गावात दोन तट होते. रात्रवाल्यांचा म्होरक्या अर्गिरिस, आणि दिवसवाल्यांची पुढारी पोस्टातून निवृत्त झालेली ग्रिगोरिया, जी दर हिवाळ्यात बहिणीकडे जायची. दोघांचे एकमेकांशी व्यवहार चांगले होते, फक्त हा विषय सोडून.

व्रेतोस या वादात कधी पडला नव्हता. तो दोघांवरही विश्वास ठेवत नव्हता.

मग ऑगस्टमध्ये सिडनीहून मुलाचा, थोदोरिसचा, फोन आला. त्याला सात महिन्यांची मुलगी होती. आता बाप्तिस्मा ठरला होता, आणि बाप्तिस्म्याला नोनो, म्हणजे धर्मपिता, लागतो.

"बाबा, नोनो तुम्हीच व्हायचं. पोरीला हातात धरायचं आणि नाव तुम्हीच सांगायचं."

"मी का?" व्रेतोसनं विचारलं.

"का म्हणजे? तुम्ही आजोबा आहात."

"आजोबा तुझ्या सासऱ्यांच्या रूपानं तिकडेही एक आहे. तो घराशेजारी राहतो. मला पृथ्वीच्या त्या टोकाला का बोलावताय?"

थोदोरिस लहानपणापासून या घरात वाढलेला होता, तो रागावला नाही. "तिकीट तेच, मिनासबाबाच, काढून पाठवतायत. त्यांचं ऑफिसच तिकिटांचं आहे. मिर्तिदियोतिसा मातेच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी निघा, शनिवारी रात्री पोचाल. रविवारी दुपारी बारा वाजता चर्चमध्ये."

फोन ठेवून व्रेतोस ओट्याकडे वळला. यात नक्की कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्याचं म्हणणं समजायला नावांचा मामला माहीत पाहिजे. आमच्याकडे पहिली मुलगी बापाच्या आईचं नाव घेते. म्हणजे पोरगी दियामांतो व्हायची, यात बोलण्यासारखं काही नव्हतं. पण सूनबाई इरिनी कार्पाथोस बेटावरच्या घराण्यातली. त्यांच्याकडे पहिली मुलगी आईच्या आईचं नाव घेते, आणि कार्पाथोसचे लोक इतर सगळ्या बाबतीत ऐकतील पण यात नाही. विहीणबाईंचं नाव सेवास्ती. आणि नाव सांगणारा माणूस जर ऐन वेळी झोपलेला, आजारी किंवा हजर नसेल तर त्याच्या जागी कोण उभं राहणार? मिनास. व्याही. ज्यानं तिकीट काढलं होतं.

तिकीट आलं. रात्रीचं होतं.

"बघितलंस?" ग्रिगोरिया कप खाली ठेवत म्हणाली. "शनिवारी रात्री दहाला उतरवणार तुला. तेव्हा तुझ्या शरीराला वाटणार दुपारचे तीन वाजलेत. गादीवर टक्क जागा राहशील, सकाळी डोळा लागेल, आणि चर्चमध्ये बारा वाजता घोरत असशील. म्हणून सांगते, दिवसाचं घे. पहाटे उतर, तोंड धू, सरळ चर्चमध्ये जा. विमानात मात्र डोळा मिटायचा नाही. विमानात झोपलेला माणूस खुळ्यासारखा उतरतो."

"ऐकू नकोस हिचं," अर्गिरिस म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी ही दिवसाच्या विमानानं गेली, आणि बहिणीच्या घरी समजून शेजाऱ्याच्या घरात शिरली. त्यांच्या कोचावर झोपली चार तास."

"दारं सारखी होती."

"शेजारी चिनी होता, ग्रिगोरिया."

"अंधार होता."

"सकाळचे आठ वाजले होते, तूच सांगितलंस."

व्रेतोस त्यांचं भांडण ऐकत राहिला आणि त्याच्या मनात एकच गोष्ट बसली: टक्क जागा, सकाळी डोळा, बारा वाजता घोरणं. म्हणजे व्याह्यानं तिकिटातच डाव टाकला होता. तिकिटांच्या धंद्यात जन्म घालवलेल्या माणसाला हा हिशेब कळत नाही असं कसं म्हणायचं?

तो तडक फ्रोसोकडे गेला. बाजाराच्या चौकात बोटीची आणि विमानाची तिकिटं तीच बघायची. तिनं यंत्रात बघितलं आणि म्हणाली, "दिवसाचं मिळतंय की. बदलून देऊ? एका मिनिटाचं काम आहे."

"एका मिनिटाचं?"

"हो. यावर कसलं बंधनच नाही, कधीही बदला. असं तिकीट सहसा कोणी काढून देत नाही, व्रेतोसकाका. मनाचा मोठा दिसतोय तुमचा व्याही."

झालं. व्रेतोसनं टोपी काढून पुन्हा घातली. बदलता येणारं तिकीट. म्हणजे आपण घाबरून ते बदलावं असंच मिनासला वाटत होतं तर. दिवसाचं घेतलं की आपण पोचणार रविवारी पहाटे. विमान दोन तास उशिरा, सामान यायला एक तास, रस्त्यात गर्दी, आणि तिकडे बारा वाजता पाद्रीबाबा विचारतायत, नोनो कुठायत? मिनास पुढे होतोय, गळा साफ करतोय.

"नको," तो म्हणाला. "आहे तेच राहू दे."

"मग आला होतात कशाला?"

"बघायला," व्रेतोस म्हणाला, आणि बाहेर पडला. डाव ओळखल्याचं समाधान त्याला संध्याकाळपर्यंत पुरलं.

मिर्तिदियोतिसा मातेच्या सणाला त्यानं चारशे प्रसादाचे पाव भाजले. दुसऱ्या दिवशी भट्टी विझवली आणि दारावर पाटी लावली. गाव आठवडाभर जवाचे कडक टोस्ट चावत बसलं, आणि ज्यांच्या दाताला ते झेपेनात ते ग्रिगोरियाच्या नावानं बोटं मोडू लागले, कारण कोणाच्या तरी नावानं मोडायला हवीत. व्रेतोसनं स्वतःच्या झाडाचं तेल एका छोट्या बाटलीत भरलं. बाप्तिस्म्याला पोरीच्या अंगाला लावायचं तेल नोनोनंच आणायचं असतं. ती बाटली त्यानं कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि खिशाला वरून टाका घातला. दुसऱ्या खिशात दियामांतोचा फोटो.

विमानात शेजारी एक गृहस्थ बसले होते. बसताच त्यांनी डोळ्यांवर पट्टी चढवली. व्रेतोसला तो माणूस मुळीच आवडला नाही. डोळे झाकलेला माणूस काय करतोय ते कळत नाही. वाळवंटातल्या विमानतळावर तो दोन्ही हात कोटावर ठेवून बसून राहिला. पुढच्या विमानात दिवे मालवले, सगळे झोपले, आणि व्रेतोस खिशावर हात ठेवून समोरच्या पडद्यावरचं इवलंसं विमान समुद्रावरून सरकताना बघत राहिला. रात्रीच्या वेळेला जागं राहणं त्याला काही जड नव्हतं. ती तर त्याची कामाची वेळ. जड गेलं ते नंतर. सिडनी चार-पाच तासांवर आली तेव्हा अंग झोप मागायला लागलं. पण सामान वर ठेवलेलं, शेजारी तो पट्टीवाला, आणि ग्रिगोरियाचं 'डोळा मिटायचा नाही' कानात. ग्रिगोरियावर त्याचा विश्वास नव्हता, पण तिचं म्हणणं घाबरवणारं होतं, आणि घाबरवणारं तो नेहमी अर्धं खरं धरायचा.

रात्री दहाला विमान उतरलं. थोदोरिसनं मिठी मारली. व्याही मिनास गाडीपाशी उभा होता, ठेंगणा, गोल, पांढऱ्या मिशांचा.

"या व्याहीबुवा. कसा झाला प्रवास? झोप झाली का?"

"तुम्हाला कशाला हवंय?" व्रेतोस म्हणाला.

मिनास हसला. व्रेतोसनं ते हसू लक्षात ठेवलं.

घरी पोचेपर्यंत त्याच्या पापण्या दगडासारख्या झाल्या होत्या. ग्रिगोरियानं सांगितल्याप्रमाणे टक्क जाग यायला हवी होती, आणि इथं तर गादी दिसताच अंग आडवं व्हायला बघत होतं. हे त्याला आणखी संशयास्पद वाटलं. विहीणबाई सेवास्ती, उंच, काळ्या कपड्यातली, केस घट्ट बांधलेले, हातात कप घेऊन आली.

"आमच्या बेटावरचा रानचहा आहे. घ्या आणि निवांत झोपा. सकाळी मी उठवीन."

"किती वाजता?"

"तुम्ही झोपा हो. मी आहे."

तीच तर भीती होती. ती गेल्यावर व्रेतोसनं चहा खिडकीतल्या कुंडीत ओतला. मग स्वयंपाकघरातून आवाज ऐकू आले. आधी मिनासचा, हलका: "सकाळी लवकर हाक मारू का त्यांना?" आणि मग विहीणबाईंचा, अगदी स्पष्ट: "मुळीच नको. झोपू दे त्यांना. कोणी आवाज करायचा नाही."

व्रेतोस पलंगावरून उठला. त्यानं बूट घातले, कोट घातला, खुर्ची दाराला लावली आणि तिच्यावर ताठ बसला. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे त्यानं रात्रभर मोजले. एकदा मान खाली गेली तेव्हा स्वतःला चिमटा काढला. त्याचा डाग पुढे आठवडाभर राहिला. सकाळी सातला विहीणबाईंनी दार ढकललं, ते खुर्चीवर आपटलं.

"अगोबाई. तुम्ही झोपला नाहीत?"

"मला सवय आहे," व्रेतोस म्हणाला. कुंडीतलं झाड टवटवीत होतं. म्हणजे निदान विष नव्हतं.

चर्च भरलं होतं. धूप, मेणबत्त्या, ओळखीचे चेहरे. अर्धा पोतामोस तिथंच उभा होता, आणि प्रत्येक जण त्याला विचारत होता, दिवसाचं की रात्रीचं? व्रेतोस कोणालाच सांगत नव्हता. थोदोरिसनं पोर त्याच्या हातात दिलं. पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेली, गुबगुबीत, तोंड उघडं टाकून झोपलेली. तो पश्चिमेला वळून सैतानावर तीनदा थुंकला, तेही मनापासून. श्रद्धेची लांबलचक शपथ त्यानं न चुकता म्हटली, तिच्या लयीवर तर तो चाळीस वर्षं पीठ मळत होता. टाका उसवून तेलाची बाटली काढून दिली.

आणि मग पाद्रीबाबा पाण्यावरची प्रार्थना म्हणू लागले. ती मोठी असते.

पोर अंगाशी होती. उबदार, जड, किंचित आंबूस वासाची, फुगून वर आलेल्या पिठासारखी. डाव्या बाजूला दगडी खांब होता, सकाळच्या उन्हानं तापलेला. व्रेतोसची पाठ त्या खांबाला कधी टेकली ते त्याला कळलं नाही. त्याच्या गावी त्या क्षणाला पहाटेचे पाच वाजत होते. पहिली खेप भट्टीत गेली होती. हात पोरीला घट्ट धरून राहिले, पाय जागच्या जागी राहिले, आणि बाकीचा व्रेतोस झोपला.

"नाव?" पाद्रीबाबांनी विचारलं.

व्रेतोस भट्टीशी होता.

"नोनो, नाव काय ठेवायचं?"

मागच्या रांगा माना उंचावून बघू लागल्या. थोदोरिस दुसऱ्या रांगेत दोन माणसांच्या मागे अडकला होता. मिनासनं गळा साफ केला. तो आवाज व्रेतोसला भट्टीच्या पलीकडून ऐकू आला, आणि ज्याची महिनाभर वाट बघितली तो आवाज हाच, हेही त्याला कळलं, पण जसं झोपेत कळतं तसं. हात हलत नाही, तोंड उघडत नाही.

मग त्याच्या कोपराला कोणीतरी धरलं. काळा कपडा, घट्ट बांधलेले केस. कानाशी, शांतपणे, शाळेत पुढचा शब्द सांगतात तसा आवाज आला.

"दियामांतो. मोठ्यानं सांगा, व्याहीबुवा. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे."

व्रेतोसनं डोळे उघडले. समोर विहीणबाई होत्या. त्यानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे, आणि पाव तयार झाला की गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारी हाक असते ना त्याची, त्या आवाजात तीनदा नाव सांगितलं. पोर जागी झाली आणि रडायला लागली. बाकी सगळं नीट पार पडलं.

जेवायला बसले तेव्हा थोदोरिस बापाच्या शेजारी आला.

"रात्रभर खुर्चीवर बसलात म्हणे."

"तुझी सासू म्हणाली, उठवू नका."

"हो. तुमची झोप मोडू नये म्हणून. बाबा, तिकिटाच्या आधी तिनं मला तीनदा फोन केला. बाबा किती वाजता झोपतात, किती वाजता उठतात, पाचला काय करतात. मिनासबाबांना दिवसाचं काढायचं होतं. ती म्हणाली, तो पाववाला आहे, तो दुपारी तीनला झोपतो, म्हणजे इथले रात्रीचे दहा. त्याला रात्री दहालाच उतरवा, तो घरी असल्यासारखा झोपेल. आणि आवडलं नाही तर बदलता येईल असं काढा."

व्रेतोसनं काटा खाली ठेवला. समोर विहीणबाई लोकांना वाढत होत्या. तो उठून त्यांच्यापाशी गेला. आभार मानायचा त्याचा विचार होता, पण तोंडातून निघालं ते असं:

"तुमच्याकडे तर पहिली मुलगी आईच्या आईचं नाव घेते."

"घेते," सेवास्ती म्हणाल्या. "दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. मिनासला विचारा."

"मग?"

"मग विचार केला, पोर तर रोज माझ्या मांडीवर असते. हाक कोणत्याही नावानं मारली तरी ती रांगत माझ्याकडेच येणार. तुमच्या बाईंच्या वाट्याला तेवढं तरी असू दे." त्यांनी त्याच्या ताटात मटणाचा आणखी एक तुकडा घातला. "रात्री तो चहा कसा होता?"

"चांगला होता," व्रेतोस म्हणाला. त्यानं त्या आठवड्यात सांगितलेलं खोटं तेवढंच.

त्या रात्री तो दहाला झोपला आणि सकाळी पाचला उठला. दुसऱ्या रात्रीही तसंच. सगळं सिडनी वेळेवर चाललं होतं आणि त्याच्या अंगाला कसलाही त्रास नव्हता. त्यामुळे तो अस्वस्थ होता. परत निघताना मात्र त्यानं विहीणबाईंना आपणहून विचारलं, जाताना कोणतं घ्यावं? त्यांनी सांगितलं ते घेतलं. पडताळलं नाही. फ्रोसोला फोन करून फक्त एकदा विचारलं, तेवढं पडताळण्यात धरत नाहीत.

सातव्या दिवशी तो पोतामोसला परतला. अर्गिरिसच्या दुकानात सगळे वाट बघत होते. गावाला पावापेक्षा निकाल हवा होता.

"सांग बाबा एकदाचं," अर्गिरिस म्हणाला. "रात्रीचंच बरं ना?"

"विमानात झोपलास का?" ग्रिगोरियानं विचारलं.

"चर्चमध्ये झोपलो," व्रेतोस म्हणाला. पोरीचा फोटो काढून टेबलावर ठेवला, त्याच्याशेजारी दियामांतोचा. सगळे नाकं-डोळी जुळवायला लागले.

तीन वाजत आले होते. तो झोपायला जायला उठला, टोपी घेतली, आणि दाराशी येऊन थांबला. भिंतीवर दोन घड्याळं होती, वीस वर्षं तिथंच टांगलेली. आपलं तीनवर, सिडनीचं दहावर. विहीणबाईंनी केलेला हिशेब इथं भिंतीवरच टांगलेला होता. रोज याच वेळी तो या दारातून झोपायला जायचा.

"अर्गिरिस," तो म्हणाला, "हे दुसरं घड्याळ इथं लावायचं कोणी सुचवलं होतं?"

"तुझ्याच बायकोनं," अर्गिरिस म्हणाला. "पोरगा तिकडे गेला तेव्हा. का रे?"

खिशातलं घड्याळ काढून व्रेतोसनं भिंतीवरच्या आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं. मग सिडनीच्या घड्याळाकडे नुसतंच बघितलं, ताडून न पाहता, आणि झोपायला गेला.